ऑफिस सुटल्यावरचे मेसेज आणि डोक्यात चालूच राहणारं काम, यावर अभ्यास काय सांगतात?

नीरजा_नाशिक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं. मी नाशिकला एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे, सहाला सुटते, सातपर्यंत घरी. मग ऑफिसच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर साहेबांचं सुरू होतं, अमक्या पार्टीचं लेजर बघा, तमक्या बिलाची एंट्री झाली का, बँक रिकन्सिलिएशन कुठवर आलं. रोज येतात असं नाही आणि आले तरी दोनचारच, उत्तर द्यायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, म्हणजे तास मोजायला बसलं तर तक्रार करावी असं काही हातात लागत नाही. पण ज्या दिवशी एकही मेसेज येत नाही त्या दिवशीही माझा अर्धा जीव फोनमध्येच असतो. जेवताना फोन ताटाशेजारी उलटा घालून ठेवलेला, लेक शाळेतलं काहीतरी रंगवून सांगत असते, मी नुसतं हं हं करते आणि मग ती विचारते, आई मी आत्ता काय म्हणाले सांग बरं. मला सांगता येत नाही.

दर महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 ला 3बी ही जीएसटीची रिटर्न भरायची असतात, त्या दिवसांत रात्री दहापर्यंत बसायला माझी अजिबात ना नाही, ते आधीपासून ठरलेलं असतं, घरीही सगळ्यांना माहीत असतं. आणि त्या दिवसांत इतकं थकायला होत नाही जितकं एरवी या दोन मेसेजनी होतं. हे मला कळत नाही.

मध्ये कंपनीने तणावमुक्तीचं वेबिनार ठेवलं होतं, श्वासाचे व्यायाम, ध्यानाचं ॲप वगैरे. नवरा म्हणतो तू फार मनावर घेतेस, सोडून द्यायला शीक. म्हणून विचारतेय, हा माझ्या स्वभावाचा प्रश्न आहे की यावर खरंच काही अभ्यास झालेत? झाले असतील तर त्यातलं आपल्यासारख्यांच्या कामाला काय येतं? फोन बंद करून ठेव हे कृपया सांगू नका, ते जमण्यासारखं असतं तर विचारलंच नसतं.

मनाचा_अभ्यास

नीरजाताई, मी औद्योगिक मानसशास्त्रात एमए केलंय, सध्या ट्रेनिंगच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे हा विषय रोजच्या वाचनातला. तुम्ही लिहिलंय ना की मेसेज न आलेल्या दिवशीही लक्ष फोनकडेच, सगळी गोम तिथेच आहे आणि तो तुमचा स्वभाव नाही.

2018 मध्ये विल्यम बेकर, लिउबा बेल्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत यावर काम केलं. त्यांनी नोकरदारांसोबत त्यांच्या जोडीदारांचीही मतं घेतली. निघालं असं की रात्री मेल बघण्यात वेळ किती गेला हे वेगळं काढलं तरी 'बघावं लागेल' ही नुसती अपेक्षाच चिंता वाढवण्याशी जोडलेली आहे, आणि तिचा परिणाम जोडीदाराच्या तब्येतीवर आणि नात्यातल्या समाधानावरही दिसतो. म्हणजे तुमच्या लेकीची तक्रार आणि तुमचा थकवा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. हा सर्वेक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून यामुळे हे होतंच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण बाकी ठिकाणाहून जे पुरावे येतात ते याच दिशेचे आहेत.

त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो लॉरा जिऊर्ज आणि व्हनेसा बोन्स या दोघींचा, 2021 चा. आठ प्रयोग, मिळून 4,004 लोक. काही जणांना मेल पाठवणाऱ्याच्या जागी ठेवलं, काहींना मेल मिळणाऱ्याच्या. कामाच्या वेळेबाहेर आलेला, तातडीचा नसलेला मेल. पाठवणारे म्हणाले सावकाश उत्तर दिलं तरी चालेल, मिळणाऱ्यांना वाटलं की समोरच्याला लवकर उत्तर हवंय. ही तफावत पुन्हा पुन्हा दिसली आणि जितकी तफावत जास्त तितका ताण जास्त. आणि उपाय काय निघाला, तर पाठवणाऱ्याने एक वाक्य घालायचं, हे तातडीचं नाही, सवडीने बघा. तेवढ्याने ही तफावत बरीच कमी झाली. मिळणाऱ्याने मन घट्ट करायचं, ध्यान करायचं असलं काही नाही, वाक्य लिहायचं ते पाठवणाऱ्याने.

जीएसटीच्या दिवसांत कमी थकायला होतं त्याचंही उत्तर यातच आहे. तेव्हा तुम्हाला माहीत असतं काम कधी सुरू, कधी संपणार, कोण काय मागणार. एरवी दार सतत किलकिलं ठेवून बसायचं असतं. जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाच्या झाबिने झोनेन्टाग यांनी हयातभर याच गोष्टीवर काम केलंय, कामानंतर मनाने कामातून बाहेर पडणं. शार्लट फ्रिट्झबरोबर 2007 मध्ये त्यांनी जी प्रश्नावली केली त्यात थकवा भरून काढणाऱ्या चार गोष्टी मोजतात, कामापासून मनाने सुटणं, आराम, काहीतरी नवीन शिकणं किंवा जमवणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. यातली पहिली आणि शेवटची तुमच्या संध्याकाळीतून गेलेली दिसतेय. त्यांनीच पुढे हेही मांडलं की ज्यांच्यावर कामाचा ताण जास्त, म्हणजे ज्यांना सुटकेची गरज सगळ्यात जास्त, त्यांनाच ती सगळ्यात कमी साधते.

वेबिनारबद्दल, 2024 मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 नोकरदारांची माहिती तपासली. ज्यांनी ॲप, ध्यान, ताण हाताळायचे वर्ग असल्या व्यक्तीपुरत्या उपक्रमांत भाग घेतला आणि ज्यांनी नाही घेतला, त्यांच्या मानसिक स्वास्थ्यात सांगण्यासारखा फरक नव्हता. स्वयंसेवी कामाची संधी हा एक अपवाद सोडला तर. ध्यान निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही, पण कामाची रचना तशीच ठेवून माणसाला तेवढं शांत राहायला शिकवायचं, हे पुरत नाही.

गुरुजी_धाराशिव

नीरजाताई तुमचं वाचून वाटलं आमच्या शाळेचंच लिहिलंय कुणीतरी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमचे ग्रुप किती म्हणून सांगू, शाळेचा वेगळा, केंद्राचा वेगळा, तालुक्याचा वेगळा, एखादं प्रशिक्षण झालं की त्याचा वेगळा. आणि प्रत्येक मेसेजच्या डोक्यावर 'तात्काळ' 'अत्यंत तातडीचे' 'आजच' असं लिहिलेलं. यूडायसची म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदीची माहिती असो की पोषण आहाराचा आकडा असो की कुठल्या स्पर्धेची लिंक, सगळंच तात्काळ. मग खरं तातडीचं कुठलं ते माणसाने कसं ओळखायचं? रात्री साडेनऊला लिंक येते, भरून स्क्रीनशॉट टाका, मग एक जण टाकतो, त्याच्यामागं दुसरा, आणि ज्यानं नाही टाकला त्याला वाटायला लागतं आपणच राहिलो. साहेबांनी काही म्हणायचीही गरज नाही, ते स्क्रीनशॉटच माणसाला बसू देत नाहीत.

मागच्या वर्षी आम्हाला नवीन मुख्याध्यापक आल्या. बाईंनी एकच केलं. वरून काहीही आलं की त्या आधी स्वतः वाचतात, आणि शाळेच्या ग्रुपवर टाकताना पहिल्या ओळीत लिहितात कोणी भरायचं आणि कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत. 'पाचवी वर्गशिक्षक, गुरुवार दुपारी दोन.' बस. ज्याचा वर्ग नाही तो पुढं वाचतच नाही. वरच्या ग्रुपवर काय व्हायचं ते होतंय, ते आमच्या हातात नाही, पण आम्हाला आता ते ग्रुप रात्री उघडावे वाटत नाहीत, कारण आपलं काही असलं तर बाई सांगतील हा भरवसा बसलाय. आमच्या शाळेत तरी रात्रीचं ते सुटलंय.

समीर_टीएल

मी दुसऱ्या बाजूचं सांगतो, राग नसावा. पुण्यात आयटीत आहे, बारा जणांची टीम आहे. माझा दिवस पूर्ण मीटिंगमध्ये जातो, मुलगा झोपल्यावर साडेदहाला मला पहिल्यांदा शांतपणे विचार करायला मिळतं आणि तेव्हा जे जे आठवतं ते मी टीमला टाकून मोकळा होतो. मला त्या क्षणी उत्तराची अपेक्षा कधीच नसते. मी मनात ठेवून झोपलो तर माझी झोप जाते त्याचं काय? आणि माझ्या टीममधल्या दोघींना तर उलट हेच सोयीचं पडतं, दुपारी चारला उठून मुलांना क्लासला सोडतात आणि रात्री दोन तास बसतात. सगळ्यांना एकच नियम लावला तर त्यांची अडचण होईल. मनाचा_अभ्यास, यावर काही आहे का वाचण्यासारखं, की सगळे अभ्यास मॅनेजरच्याच विरोधात जातात?

मनाचा_अभ्यास

समीर, तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे आणि तो संशोधनातही आहे. क्रिस्टीना निपर्ट-एंग या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1996 मध्येच मांडलं की काही माणसं घर आणि काम यांच्यात भिंत ठेवून जगतात, काही दोन्ही मिसळून, आणि बहुतेक जण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. यात चांगलं वाईट काही नाही. त्रास होतो तो आपली पद्धत एक आणि ऑफिसची दुसरी असली की. त्यामुळे तुमच्या त्या दोघींनी रात्री काम करणं ठीकच आहे, त्यांनी ते निवडलंय. प्रश्न बाकीच्या दहा जणांचा, ज्यांना साडेदहाला तुमचं नाव स्क्रीनवर दिसतं. तुमच्या मनात अपेक्षा नसते हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. जिऊर्ज आणि बोन्सच्या प्रयोगातले पाठवणारेही तुमच्यासारखेच होते, त्यांच्या मनात काही नव्हतं.

तुमच्या झोपेचं म्हणाल तर त्यावर एक फार सुंदर प्रयोग आहे. बेलर विद्यापीठाचे मायकेल स्कलिन, 2018. 57 तरुण मुलामुलींना झोपेच्या लॅबमध्ये ठेवलं, डोक्याला वायरी लावून झोप मोजली. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं निम्म्यांनी येत्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी आधीच झालेल्या कामांची. करायच्या कामांची यादी लिहिणारे सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी बारकाईने लिहिलेली तितकी झोप लवकर. म्हणजे डोकं मोकळं व्हायला ती कामं कागदावर उतरली तरी पुरतं, टीमच्या फोनवर उतरायची गरज नाही. मेल किंवा टीम्सवर असाल तर वेळ लावून पाठवायची सोय असतेच, रात्री लिहा आणि सकाळी नऊची वेळ लावून झोपा.

हे असं का होतं त्याबद्दल ब्लूमा झायगार्निक यांचं 1927 चं काम सगळीकडे सांगतात, अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झालेल्यापेक्षा जास्त आठवतं म्हणून. 2025 मध्ये या सगळ्या जुन्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला आणि ते जास्त आठवण्याचं काही टिकलं नाही. टिकलं ते दुसरं, त्यांच्याच काळातल्या मारिया ओव्हसियांकिना यांचं, की अर्धवट काम पुन्हा हातात घ्यायची ओढ माणसाला असते. आणि मॅसिकाम्पो व बाउमायस्टर यांनी 2011 मध्ये दाखवलं की काम पूर्ण करायची गरज नाही, ते कधी आणि कसं करणार हे नेमकं ठरवलं तरी त्याची मधेमधे येणारी लुडबुड थांबते.

रात्रपाळी_सिस्टर

मी नर्स आहे, कोल्हापूरला. वरचं वाचताना सारखं वाटत होतं की आमच्याकडे कामाचा ताण तुमच्यापेक्षा कमी नसतो, तरी ड्युटी संपल्यावर पेशंट डोक्यात राहतात पण 'कुणी विचारेल का' ही धाकधूक सहसा राहत नाही, ती का? कारण आम्ही हँडओव्हर देतो. बेडबेडला जायचं, पुढच्या सिस्टरला सांगायचं यांचं सलाईन कधी संपतंय, पुढचं इंजेक्शन किती वाजता, कुणाचे रिपोर्ट यायचेत, कुणाच्या नातेवाईकांशी डॉक्टरांनी बोलायचं राहिलंय. रजिस्टरला लिहायचं. मग ती जबाबदारी तिची. नंतर माझा फोन वाजला तर तो खरंच गरजेचा असतो, कारण बाकी सगळं तिच्याकडे आहे.

ऑफिसात सहाला सगळे उठतात पण कुणी कुणाला काही सोपवत नाही. काम टेबलावर आणि जबाबदारी पर्समध्ये घेऊन माणूस घरी येतं. नीरजा, तुझ्याजागी दुसरं कुणी बसत नाही म्हणून तू कुणाला सोपवणार हे खरंय, पण निघताना उद्याच्या नीरजाला लिहून सोपवता येईल की. अमक्या पार्टीचं लेजर, सकाळी दहाला, आधी विक्री विभागाकडून क्रेडिट नोट मागवायची. असं नेमकं. आणि तेच साहेबांना निघताना सांगून टाकायचं, मग ते रात्री कशाला विचारतील? मला वाटतं बरेचदा साहेब लोक विचारतात कारण त्यांनाही काम कुठवर आलंय ते माहीत नसतं, आणि त्यांचंही डोकं तेच कुरतडत असतं.

मेलबर्नची_मावशी

इकडचं थोडं सांगते. ऑस्ट्रेलियात 26 ऑगस्ट 2024 पासून कामाच्या वेळेनंतर ऑफिसच्या फोन-मेसेजना उत्तर न देण्याच्या हक्काचा कायदाच आलाय, आणि पंधरापेक्षा कमी माणसं असलेल्या छोट्या धंद्यांना तो बरोबर एक वर्षाने, ऑगस्ट 2025 ला लागू झाला. लोकांना वाटतं की साहेबाने रात्री फोन करायचाच नाही, तसं नाहीये. साहेब करू शकतो. पण तुम्ही तो उचलला नाही, मेसेज वाचला नाही, तर तुमच्यावर कारवाई करता येत नाही, तुमचा नकार अवाजवी नसेल तर. आणि वाजवी की अवाजवी ते बघताना फोन कशासाठी होता, त्याने किती व्यत्यय आला, जादा वेळेचे पैसे मिळतात का, तुमचं पद काय, घरी लहान मुलं किंवा आजारी माणूस आहे का, हे सगळं धरतात. फ्रान्सने 2017 लाच कंपन्यांना याबद्दल कामगारांशी वाटाघाटी करायला लावल्या. पोर्तुगालने 2021 मध्ये उलट बाजूने घेतलं, तिथे बंधन मालकावर आहे, विश्रांतीच्या वेळेत माणसाला त्रास द्यायचा नाही.

आपल्याकडेही हा विषय नवा नाही बरं का, खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 ला लोकसभेत यावर खाजगी विधेयक मांडलं होतं आणि 2025 च्या डिसेंबरमध्ये पुन्हा मांडलं. खाजगी विधेयकं मंजूर होणं फार दुर्मिळ, पण निदान विषय सभागृहात गेला.

मी इथे एका वृद्धाश्रमाच्या ऑफिसात काम करते. कायद्याने फोन थांबले असं मी म्हणणार नाही, आमच्या कामात ते थांबणारही नाहीत. पण आमच्या मॅनेजर बाईंनी रोस्टरसोबत एक कागद लावला, रात्री कशासाठी फोन येईल आणि कशासाठी येणार नाही, त्याखाली त्या आठवड्याला फोन कुणाकडे. आता माझा आठवडा नसला की मी फोन खरोखर दुसऱ्या खोलीत ठेवते. हे त्या कागदामुळे झालं, माझ्या मनोनिग्रहामुळे नाही.

मनाचा_अभ्यास

मावशींनी लिहिलेलं वाचून आणखी एक आठवलं, आणि हा प्रयोग भारतातच झालाय म्हणून मुद्दाम सांगतो. ड्यूक विद्यापीठाच्या गटाने 2019 मध्ये प्रसिद्ध केला, 237 जण, दोन आठवडे. काहींच्या फोनवर नोटिफिकेशन नेहमीसारखी, काहींना तासातासाने एकत्र, काहींना दिवसातून तीन ठरलेल्या वेळी एकत्र, आणि काहींना अजिबात नाही. दिवसातून तीनदावाल्यांचं लक्ष कामात जास्त लागलं, ताण कमी वाटला, फोन आपल्या ताब्यात आहे असं वाटलं. ज्यांची पूर्ण बंद केली त्यांना असा फायदा तर झालाच नाही, उलट अस्वस्थता वाढली, काहीतरी हुकतंय ही भीती वाढली. म्हणून नीरजाताई, फोन बंद कर सांगू नका हे तुम्ही लिहिलंत ते मला फार पटलं, पूर्ण बंद हा उपाय प्रयोगातही चालला नाही. ठरलेल्या वेळी बघणं चाललं. पण ती वेळ साहेबांनाही माहीत असेल तरच ती धाकधूक जाईल, नाहीतर आठ वाजता बघून ठेवलेल्या फोनकडे सव्वाआठला पुन्हा हात जाईल.

नीरजा_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. नवऱ्यालाही वाचायला दिलं, त्यातला जोडीदारांचा भाग त्याने दोनदा वाचला.

सिस्टर, तुमचं हँडओव्हरचं उद्यापासूनच करणार, सहाला निघताना उद्याचं नेमकं लिहून साहेबांना एक मेसेज. गुरुजी, तुमच्या बाईंसारखं आमच्याकडे कुणी नाही म्हणून ती विनंती मलाच करावी लागेल. साहेब तसे माणूस म्हणून चांगले आहेत, त्यांना हे माहीतच नसेल असं आता मला वाटायला लागलंय. मी असं लिहिलंय, बघा कसं वाटतं:

'सर, रात्री आठनंतरच्या मेसेजमध्ये आज की उद्या एवढं लिहाल का? आज असेल तर मी लगेच बघीन. उद्या असेल तर सकाळी आल्यावर पहिलं तेच घेईन. अगदीच अडलं तर फोन करा, मी उचलीन.'

समीर, तुम्ही साहेबांच्या जागी आहात म्हणून विचारते, हे वाचून तुम्हाला राग येईल का?

समीर_टीएल

ताई राग नाही येणार, पण ग्रुपवर टाकू नका, सगळ्यांसमोर आलं की कुणीही आधी स्वतःला सांभाळतो. समोरासमोर बोला, आणि 20 तारीख उलटून गेल्यावर बोला, तेव्हा साहेबांचंही डोकं हलकं असेल. दुसरं म्हणजे सुरुवात कामापासून करा. 'सर, ग्रुपवर बरंच येतं, त्यात तुमचं खरं तातडीचं काम खाली जाऊन राहून जाऊ नये म्हणून एक सुचवते' असं म्हणून मग आज की उद्या हे सांगा. मला कुणी असं सांगितलं तर मी त्याच दिवसापासून लिहायला लागेन, कारण यात माझाही फायदा दिसतोय. फोन करा, मी उचलीन हे वाक्य मात्र नक्की ठेवा, त्यानेच साहेब निर्धास्त होतील. मी माझ्या टीमला उद्याच्या स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला विचारतोय, माझे साडेदहाचे मेसेज कुणाकुणाला नको आहेत ते, आणि तोंडावर कुणी सांगणार नाही म्हणून चिठ्ठीवर लिहून घेणार आहे.